डबा घेतलास का?

शुक्रवारी संध्याकाळी ऑफिसच्या पार्किंगमध्ये सहज एक चक्कर मारा. एखादी थार दिसेल, एखादी जिम्नी, आणि नशीब जोरावर असेल तर एखाद्या शौकिनाने जिवापाड जपलेली जिप्सी. जाडजूड टायर, छतावर कॅरियर, पुढे विंच. आणि मागच्या दारावर, स्टेपनीच्या बाजूला पट्ट्याने आवळलेला तो हिरवा पत्र्याचा डबा. जेरीकॅन! बहुतेक वेळा तो रिकामाच असतो. फार तर त्यावर लेह-लडाखचं स्टिकर असतं. पण काय रुबाब असतो राव त्याचा! सोमवार ते शुक्रवार एका जागी बसून काम करणाऱ्याला तो डबा सांगत असतो, ‘मनात आणलंस तर तू कुठेही जाऊ शकतोस.’

‘कुठेही’ हा शब्द ऐकायला झकास आहे. मात्र नकाशावर बोट ठेवायची वेळ आली, की बहुतेकांचं बोट लोणावळा, महाबळेश्वर, गोवा इथेच घुटमळतं. त्या रस्त्यांवर जेरीकॅन नेणं म्हणजे लग्नाच्या पंगतीला घरून पोळी-भाजी नेण्यासारखं आहे. म्हणून या वेळी एक वेगळं ठिकाण सुचवतो, घाटंजी. आणि त्या निमित्ताने त्या हिरव्या डब्याचा सोक्षमोक्षही लावून टाकू.

घाटंजी? ते कुठे आलं?

हा प्रश्न ठरलेलाच. घाटंजी हे यवतमाळ जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. वाघाडी नदीच्या काठी, यवतमाळ शहरापासून आग्नेयेला चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरवर. इथे रेल्वे नाही. यवतमाळची लाडकी नॅरोगेज ‘शकुंतला’ आता धावत नाही. वर्धा-यवतमाळ-नांदेड या नव्या मार्गावर २०२४मध्ये वर्ध्याहून कळंबपर्यंत गाडी सुरू झाली, पण तो मार्ग घाटंजीवरून जातच नाही. थोडक्यात, एसटी किंवा स्वतःची गाडी.

मुंबईकरांसाठी आता समृद्धी महामार्ग आहे. ७०१ किलोमीटरचा हा रस्ता डिसेंबर २०२२मध्ये नागपूर ते शिर्डी सुरू झाला आणि ५ जून २०२५ला इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला. धामणगावला उतरायचं, यवतमाळ गाठायचं आणि तिथून घाटंजी. पुणेकरांनी छत्रपती संभाजीनगरपर्यंत जाऊन समृद्धी पकडायची. नागपूरकरांची तर मजाच आहे, दीडशेएक किलोमीटरवर यवतमाळ, सकाळी तर्री पोहे खाऊन निघालं की जेवायला घाटंजीत.

तिथे आहे काय? हिल स्टेशनसारखे पॉइंट नाहीत. आहे ते असं: डिसेंबर-जानेवारीत दोन्ही बाजूंना फुटलेला पांढराशुभ्र कापूस, मधूनच तुरीचे पट्टे, मागे सागाचं जंगल आणि बुटक्या टेकड्या. दक्षिणेला पैनगंगा, पलीकडे तेलंगण. एका आठवडी बाजारात वऱ्हाडी, बंजारा, कोलामी, गोंडी आणि तेलुगू अशा सगळ्या बोली कानावर पडतात. जेवायला ज्वारीची भाकरी, वांग्याचं भरीत, ठेचा आणि सीझन असेल तर ओल्या तुरीच्या सोल्यांची झणझणीत आमटी. आणि घाटंजी-पांढरकवडा या दोन तालुक्यांच्या अंगावर पसरलेलं टिपेश्वर अभयारण्य. क्षेत्रफळ जेमतेम दीडशे चौरस किलोमीटर, पण वाघ दिसण्याच्या बाबतीत त्याने भल्याभल्या नामवंत जंगलांची झोप उडवली आहे. त्या वाघांपैकी एकाची गोष्ट पुढे येतेच.

गाडी फोर बाय फोर असेल तर आणखी एक आकर्षण, पांदण रस्ते. पांदण म्हणजे शेतांच्या मधून जाणारी बैलगाडीची वाट. इथली माती काळी, कपाशीची. उन्हाळ्यात तिच्यात पाय जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसात ती टायरला अशी चिकटते, की चाक गोल आहे की चौकोनी हेच कळत नाही. अशा जागी फोर बाय फोरचा लिव्हर ओढण्यात खरा अर्थ असतो. फक्त पीक उभं असताना, ओल्या पांदणीतून हौसेखातर गाडी घालू नका. तुमच्या टायरने पाडलेल्या हातभर खोल चाकोऱ्यांतून नंतर बैलगाडीला जायचं असतं.

हिशेब आधी, डबा नंतर

आता मुद्द्याचं. या ट्रिपला जादा तेल लागतं का? सरळ गणित करू.

जिप्सीची टाकी ४० लिटरची, जिम्नीचीही ४०च. २०२० नंतरच्या थारची ५७. जुनी जिप्सी मोकळ्या रस्त्यावर लिटरला दहाएक किलोमीटर देते असं धरा. म्हणजे फुल टाकीत ४०० किलोमीटर. यवतमाळ-घाटंजी-पांढरकवडा-यवतमाळ असा सगळा फेरा दीडशे-पावणेदोनशे किलोमीटरचा. त्यात रस्ता चुकणं, गावात वळसे, जंगलाच्या गेटपर्यंतच्या चकरा मिळवल्या तरी तीनशेच्या पुढे काटा जाणं कठीण. शिवाय यवतमाळला पंप, घाटंजीला पंप, पांढरकवड्याला तर थेट राष्ट्रीय महामार्ग ४४ वरचे पंप. म्हणजे या सहलीसाठी जेरीकॅनची गरज शून्य!

पण थांबा. गणितात दोन मेख आहेत. पहिली म्हणजे लिटरला दहा हा आकडा डांबरी रस्त्याचा. लो रेशोमध्ये, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, चिखलातून गाडी रेटताना मायलेज निम्म्यावर येऊ शकतं. दिवसभरात तुम्ही फक्त वीस किलोमीटर हललात, तरी काटा मात्र मजबूत खाली आलेला असतो. अशा रस्त्यावर तेल किलोमीटरवर नाही, तासावर मोजायचं.

दुसरी मेख समृद्धीवरची. तिथे कारला १२०ची मर्यादा आहे, म्हणून सगळे १२०नेच सुटतात. थार किंवा जिप्सीचा आकार म्हणजे चालतं कपाट. ८०-९०ला जे मायलेज मिळतं ते १२०ला मिळत नाही, हवाच अडवते. त्यात छतावर कॅरियर आणि कॅरियरवर डबे म्हणजे आणखी अडथळा. थोडक्यात, जादा तेल न्यायला लावलेला डबाच थोडं तेल पितो. हा महामार्ग नवा होता तेव्हा पंप मोजके आणि लांब लांब होते, अनेकांच्या गाड्या मधेच बंद पडल्या. तेव्हा चढण्यापूर्वी टाकी फुल्ल, आणि काटा अर्ध्यावर आला की जो पंप दिसेल तो आपला. ‘पुढचा बघू’ हा मोह टाळायचा.

अर्ध्या टाकीचा नियम गावाकडे आणखी उपयोगी. पंपावर वीज नसते, टँकर आलेला नसतो, कधी सणाची सुट्टी असते. आणि डिझेल गाडीवाल्यांनी तर टाकी कोरडी पाडूच नये. डिझेल संपलं की लाइनमध्ये हवा शिरते आणि नुसतं डिझेल ओतून भागत नाही, ती हवा काढावी लागते. पेट्रोल गाडीतही टाकीतला पंप पेट्रोलमध्येच बुडून थंड राहतो. काटा कायम तळाला ठेवून गाडी हाकणं म्हणजे त्या पंपाला दररोज तापात ठेवणं.

तो हिरवा डबा आला कुठून?

जेरीकॅन जन्माला आला जर्मनीत, १९३०च्या दशकात, सैन्यासाठी. २० लिटरचा, पत्र्याचे दोन अर्धे भाग जोडून केलेला. वरती एक सोडून तीन मुठी का? कारण भरलेला डबा दोन जणांना दोन बाजूंनी उचलता येतो आणि रिकामे असतील तर एकट्याला एका हातात दोन धरता येतात. बाजूवरची ती फुली नुसती नक्षी नाही. पत्रा मजबूत राहतो आणि आतलं इंधन फुगलं की त्याला थोडी जागा मिळते. झाकण फिरकीचं नाही, खटक्याचं. दुसऱ्या महायुद्धात उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात ब्रिटिशांचे पातळ पत्र्याचे डबे वाटेतच गळायचे. शत्रूचे डबे हाती लागल्यावर त्यांनी सरळ तेच वापरले आणि त्यांची नक्कल केली. ब्रिटिश सैनिक जर्मनांना ‘जेरी’ म्हणत, म्हणून हा जेरीकॅन. आपल्याकडे लष्करी जीपच्या पाठीवर तो बसला आणि तिथून हौशी जीपवाल्यांच्या मनात.

तो खरोखर लागतो अशी जागा आपल्या देशात आहे. मनाली-लेह रस्त्यावर लाहौलमध्ये तांदीचा पंप लागतो. तिथली पाटी जगप्रसिद्ध आहे: पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर. मराठी पोरं दर उन्हाळ्यात तिथे उभी राहून फोटो काढतात. चढ, पातळ हवा, खराब रस्ते आणि ४० लिटरची टाकी असं सगळं जुळून आलं, की जादा दहा-वीस लिटर हा शहाणपणाच ठरतो. गोंधळ होतो तो घरी परतल्यावर. तांदीचा नियम आपण घाटंजीला लावतो, आणि घाटंजीला जे लागतं ते घरी ठेवून जातो.

‘बाटलीत नाई भेटत, भाऊ’

समजा, ठरवलंच की डबा न्यायचा. तर मग कायदा काय म्हणतो? पेट्रोलियम कायदा १९३४चा आहे आणि या बाबतीत अगदी स्पष्ट आहे. विक्रीसाठी नसेल तर ३० लिटरपर्यंत पेट्रोल जवळ बाळगायला परवाना लागत नाही. मात्र ते घट्ट बुचाच्या भांड्यात हवं. भांडं धातूचं असेल तर २५ लिटरपेक्षा मोठं नको, काचेचं किंवा चिनी मातीचं असेल तर एका लिटरपेक्षा मोठं नको. यादीत प्लॅस्टिकची पाण्याची बाटली नाही, कोल्ड्रिंकची नाही, खाद्यतेलाचा पाच लिटरचा कॅनही नाही. म्हणजे आपण सर्रास ज्याच्यात पेट्रोल मागतो, नेमकं तेच यादीबाहेर. डिझेल कमी ज्वालाग्राही वर्गात मोडतं, त्यामुळे त्याला सवलत जास्त. पण म्हणून ते सीटखाली ठेवायचं, असं नाही.

कायद्यात बसलं तरी पंपवाला देईलच असं नाही. सुट्ट्या पेट्रोलवर ठिकठिकाणी स्थानिक बंदी असते. डिसेंबरातल्या आमच्या फेरीत एका पंपावर पुढचा बाइकवाला रिकामी बाटली घेऊन उभा होता. पंपावरचा पोरगा शांतपणे म्हणाला, ‘बाटलीत नाई भेटत, भाऊ. गाडी आना.’ बाइकवाला चिडला. गाडी दोन किलोमीटरवर बंद पडली होती, ढकलत आणायची तर कशी? पोरगा हलला नाही.

राग येणं साहजिक आहे. पण शेजारच्या वर्धा जिल्ह्यात, हिंगणघाटला, ३ फेब्रुवारी २०२०ला भर रस्त्यात एका तरुण प्राध्यापिकेला पेट्रोल ओतून पेटवण्यात आलं. आठवड्याभराने ती गेली. तीही आपल्यासारखीच, सकाळी कामावर निघालेली मुलगी होती. बाटलीतलं पेट्रोल म्हटल्यावर या भागात लोकांना काय आठवत असेल, हे ध्यानात घेतलं की त्या पोराचा नकार हा अडेलतट्टूपणा वाटत नाही. त्याच्याशी हुज्जत घालू नका. गाडी घेऊन जा, टाकी भरा, पुढे निघा.

पंचेचाळीस अंशांतलं पेट्रोल

विदर्भातला उन्हाळा हा काही चेष्टेचा विषय नाही. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या घरात जातो आणि उन्हात उभ्या गाडीचा पत्रा त्याहून कितीतरी तापतो. पेट्रोल तापलं की फुगतं. सकाळच्या गारव्यात २० लिटरच्या डब्यात काठोकाठ भरलेलं पेट्रोल दुपारपर्यंत अर्धा-पाऊण लिटर जास्त जागा मागायला लागतं. जागा नसेल तर ते झाकणाकडून वाट काढतं. म्हणून डबा कधीही गळ्यापर्यंत भरायचा नाही, दोनेक लिटरची जागा मोकळी सोडायची. आणि उन्हात तापलेला डबा एकदम उघडायचा नाही. सावलीत ठेवा, खटका हळू सैल करा, आतली वाफ फुसकन निघून जाऊ द्या, मग झाकण उघडा.

ही वाफच खरी खोडकर. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती वर उडून जात नाही, खाली साचते. बंद गाडीत डबा ठेवला आणि झाकण थोडं जरी ढिलं असलं, तर ती वाफ तुमच्या पायाशी जमते. आधी डोकं दुखतं, मळमळतं. एखाद्याने सिगारेट पेटवली तर पुढचं सांगायला नको. म्हणून डबा कधीच केबिनमध्ये नको. जिप्सी, थार, जिम्नीला वेगळी डिकी नसते, मागची जागा म्हणजे केबिनच.

मग बांधायचा कुठे? छतावर बांधला तर गाडीचा तोल जातो. भरलेला पेट्रोलचा डबा पत्र्यासकट वीसेक किलोचा भरतो. दोन डबे म्हणजे चाळीस किलो, तेही सगळ्यात उंच जागी. उंच, अरुंद गाड्यांना वळणावर हे मानवत नाही. मागच्या दारावर लावला तर मागून कुणी ठोकलं की पहिला मार डब्याला. निर्दोष जागा एकही नाही. त्यातल्या त्यात बरी म्हणजे बाहेर, कुलपाच्या पक्क्या कंसात, सायलेन्सरपासून दूर. आणि निघाल्यावर पहिल्या पन्नास किलोमीटरनंतर उतरून पट्टा एकदा तपासायचा, खडखडाटाने तो हमखास सैल झालेला असतो.

भरतानाही एक काळजी घ्या. डबा गाडीतच, रबरी मॅटवर ठेवून भरायचा नाही. खाली उतरवून जमिनीवर ठेवायचा आणि नळीचं धातूचं तोंड डब्याला टेकवून भरायचा, म्हणजे स्थिर विजेची ठिणगी पडत नाही. डब्यातून टाकीत ओततानाही इंजिन बंद, मोबाइल खिशात, आणि जाळीचं नरसाळं वापरायचं. नळी तोंडाने ओढून पेट्रोल काढायचा जुना फंडा आहे ना, तो पूर्ण विसरा. एक घोट जरी फुप्फुसात गेला तरी थेट दवाखाना.

आणखी एक नवी गोष्ट. आता पंपावर मिळतं ते वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं. त्यामुळे गेल्या वर्षीच्या लडाख ट्रिपमधलं उरलेलं पेट्रोल डब्यात जपून ठेवलं असेल, तर ते साठवण म्हणून कामाचं नाही. जादा तेल न्यायचंच तर ताजं न्या, आणि ट्रिप संपण्याआधीच टाकीत ओतून मोकळे व्हा.

गावातला डबा

घाटंजीकडे आणखी एक गोष्ट दिसते. शहरात जो डबा स्टाइल आहे, तो इथे अवजार आहे. शेतकरी सायकलला, बाइकला कॅन लटकवून ट्रॅक्टरसाठी, इंजिनासाठी डिझेल नेत असतो. एका पांदणीच्या तोंडाशी थांबलो असताना एक काका आमच्या गाडीभोवती फेरी मारून आले आणि डब्याकडे बोट दाखवून म्हणाले, ‘इथं तं मोप पंप हायेत. मंग हे पाठीवरचं ओझं काहून?’ बावीस वर्षांचा प्रॉडक्ट मॅनेजर मीटिंगमध्ये जो प्रश्न अर्धा तास घोळवेल, तो त्यांनी एका वाक्यात विचारला.

आडगावात किराणा दुकानासमोर बाटल्यांत भरून पेट्रोल विकायला ठेवलेलं दिसतं. परवान्याशिवाय विक्री म्हणजे ते कायद्यात बसत नाही आणि त्यात काय मिसळलंय याचीही खात्री नसते. पण गावाच्या नजरेनेही त्याकडे बघा. पंप पंधरा-वीस किलोमीटरवर. रात्री कुणाला साप चावला, कुणाला कळा सुरू झाल्या, तर १०८ची गाडी पोचेपर्यंत कुणीतरी बाइकला किक मारतो, आणि टाकीत अनेकदा हीच बाटली ओतलेली असते. आपण पाच जण वीकएंडला येऊन त्यातल्या सगळ्या बाटल्या उचलून नेल्या, तर पैसे दिले म्हणून हिशेब मिटत नाही. त्या रात्रीपुरती गावाची गाडी आपण रिकामी केलेली असते. शहरातून भरून यायचं ते यासाठी.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं. २०१७च्या खरिपात याच यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसएक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो जण दवाखान्यात भरती झाले. त्यानंतर इथे रिकाम्या कॅनकडे बघायची नजर बदलायला हवी, आपलीही. कीटकनाशकाचे, डिझेलचे आणि पाण्याचे कॅन दिसायला सारखेच असतात. म्हणून शेतावरचा एखादा कॅन मागून त्यात पिण्याचं पाणी भरू नका. आणि परतताना ‘राहू द्या काका तुम्हाला’ म्हणून आपला पेट्रोलचा रिकामा डबा कुणाच्या घरी देऊन येऊ नका. पेट्रोलचा वास जातो, अंश जात नाही. घरात तो पाण्याच्या भांड्यांत जाऊन बसला, की आधी लहान लेकरं त्यातून पाणी पिणार. तुमच्या डब्यावर रंगाने मोठ्या मराठी अक्षरांत लिहा: ‘पेट्रोल’. इंग्रजी नको, मराठीत. आणि पाण्याचे कॅन वेगळ्या रंगाचे ठेवा.

टाकी नसलेला प्रवासी

लांब पल्ल्याचा विषय निघाला की टिपेश्वरमध्ये एकाचं नाव घ्यावंच लागतं. तिथल्या एका वाघिणीचा हा बछडा, वनखात्याच्या भाषेत ‘टी-१ सी-१’, लोकांच्या भाषेत ‘वॉकर’. फेब्रुवारी २०१९मध्ये त्याच्या गळ्यात रेडिओ कॉलर घातली गेली. पावसाळ्याच्या तोंडावर त्याने टिपेश्वर सोडलं आणि चालत सुटला. महाराष्ट्र आणि तेलंगणातले जिल्हे पार करत, कधी शेतांतून, कधी नाल्याकाठाने, कधी महामार्ग ओलांडत, तेराशे किलोमीटरच्या आसपास चालून १ डिसेंबर २०१९च्या सुमारास तो बुलडाणा जिल्ह्यातल्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. कॉलर घातल्यापासूनची त्याची एकूण चाल तीन हजार किलोमीटरच्या वर भरली. भारतात नोंदवलेली वाघाची ही सगळ्यात लांब चाल मानली गेली.

त्याच्या पाठीवर डबा नव्हता. त्याला तारलं ते वाटेतल्या ओढ्यांनी, नाल्याकाठच्या झाडोऱ्याने, उभ्या पिकांच्या आडोशाने आणि मिळेल त्या शिकारीने. दर काही किलोमीटरवर त्याचा ‘पंप’ होता, म्हणून तो चालू शकला. उद्या हे नाले बुजले, मधले झुडपी पट्टे साफ झाले, तर कितीही ताकदीचा वाघ असो, पहिल्या शंभर किलोमीटरमध्ये अडकेल. आणि वाघ अडकला की पुढे काय होतं हे याच भागाने नोव्हेंबर २०१८मध्ये पाहिलंय. राळेगाव-पांढरकवडा पट्ट्यात तेरा माणसांचे बळी घेतल्याचा ठपका असलेली ‘अवनी’ वाघीण गोळी घालून मारली गेली. त्या गावांनी दोन वर्षं भीतीत काढली होती, शेतं ओस पडली होती. शहरात बसून वाघाच्या बाजूने बोलणं सोपं आहे. इथे संध्याकाळी कपाशीतून घरी चालत यायचं असतं.

म्हणून इथे गाडी चालवताना एवढं करा. अंधार पडल्यावर जंगलाच्या रस्त्यांवर वेग चाळीसच्या आत. कापसाने भरलेल्या बैलगाड्या आणि ट्रॉल्यांना मागे दिवा असेलच असं नाही, आणि रस्ता ओलांडणाऱ्या रोह्याला तर नसतोच. मार्चनंतर वाळलेल्या गवतावर, सागाच्या पाचोळ्यावर गाडी उभी करू नका. तापलेला सायलेन्सर आणि खाली कोरडा पाला, एवढं पुरतं जंगल पेटायला. गाडीवर पेट्रोलचा डबा असेल तर मग बघायलाच नको.

निघण्यापूर्वी

कधी जाल: नोव्हेंबर ते फेब्रुवारी बेस्ट. कापूस वेचणी चालू असते, हवा सुखद असते. पावसाळ्यात अभयारण्य बंद असतं.

कुठे भराल: समृद्धीवर चढण्यापूर्वी, मग यवतमाळला. काटा अर्ध्यावर आला की पुन्हा.

काय न्याल: पाणी माणशी दिवसाला चार-पाच लिटर. हवा भरायचा पंप, पंक्चर किट, टो-रोप, फावडं. ड्राय पावडरचं अग्निशामक, हाताशी येईल असं. कागदावरचा नकाशा, कारण रेंज जाते.

जोडून काय: टिपेश्वरची सफारी (बुकिंग आधीच करा, टिपाई देवीच्या नावावरून या जंगलाला नाव पडलंय), आणि आर्णीमार्गे माहूरची रेणुकादेवी.

आणि जेरीकॅन? लडाखला, स्पितीला जरूर न्या, नियमाने भरून, नीट बांधून. घाटंजीला जाताना मात्र त्या कंसात वीस लिटर पाण्याचा, निळ्या रंगाचा कॅन लावा. उन्हाने रेडिएटर तापला तर तो कामाला येईल. पांदणीत फसलात आणि ट्रॅक्टरवाले दादा ओढायला धावले, तर त्यांनाही दोन घोट देता येतील. ते पैसे घेणार नाहीत, हे आधीच सांगून ठेवतो. फार तर विचारतील, ‘जेवले का?’ तेव्हा ‘डबा आणलाय’ म्हणू नका. बसा, भाकरी खा.